कळपाचा आकडा गंजीने ठरवावा

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, आणि कोरड्या प्रदेशांतल्या मेंढ्यांनी टंचाईच्या महिन्यांत काय खावे हा एरवी मेंढपाळ आणि पशुवैद्यक यांच्यापुरता राहिलेला प्रश्न चारचौघांत बोलला जाऊ लागला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण चर्चा ज्या वळणाने चालली आहे ते वळण चुकीचे आहे असे मला वाटते. एक पक्ष पोषणमूल्यांचे तक्ते पुढे करतो. लसूणघास या लागवडीच्या हिरव्या चाऱ्यात 18 टक्के प्रथिने, माळावरच्या वाळल्या गवतात जेमतेम 4. तेव्हा माळाचा नाद सोडा, पाणी आणा, सुधारित चारा लावा, तेही जमत नसेल तर पेंड आणि धान्य विकत घ्या, असे त्याचे म्हणणे. दुसरा पक्ष म्हणतो की मेंढी शतकानुशतके याच गवतावर जगत आली, म्हणून स्थानिक ते उत्तम आणि बाहेरून आलेले ते संशयास्पद. पहिला पक्ष मेंढीकडे एका दिवसाच्या हिशेबाने पाहतो आणि दुसरा हजार वर्षांच्या. मेंढपाळाला मात्र बारा महिन्यांचा मेळ घालायचा असतो, आणि त्या बारा महिन्यांविषयी दोघेही फारसे बोलत नाहीत.

माझी भूमिका सुरुवातीलाच मांडतो. कोरड्या प्रदेशात मेंढीच्या टंचाईकाळातल्या आहाराचा पाया हा त्याच प्रदेशातल्या गवताची आणि झाडपाल्याची, वेळेवर कापून वाळवलेली आणि कोरडी राखलेली वैरण हाच असावा. पेंड, धान्य आणि लागवडीचा चारा यांनी तिला जोड द्यावी, तिची जागा घेऊ नये. ही वैरण स्वस्त पडते आणि मेंढीच्या अंगवळणी पडलेली असते हे खरेच आहे, पण माझ्या आग्रहाचे मुख्य कारण वेगळे आहे. पावसाळा सरताना रचलेली गंजी, म्हणजे वाळल्या वैरणीचा ढीग, ही येऊ घातलेल्या टंचाईची आधीच हाती आलेली मोजणी असते. किती जनावरे पुढच्या पावसापर्यंत तगतील हे ती चार-सहा महिने अगोदर सांगते, आणि तेवढा अवधी दुसरा कोणताही चारा देत नाही.

तक्त्यातला तो 4 टक्क्यांचा आकडा आधी नीट पाहू. तो खोटा नाही, पण त्यातून गवताच्या जातीपेक्षा कापणीची तारीख अधिक कळते. पवन्या, मारवेल किंवा अंजन यांसारखे गवत पोटरीत येऊन (म्हणजे तुरा पानांच्या आत भरून) नुकते निसवू लागते तेव्हा त्यात साधारण 7 ते 9 टक्के प्रथिने असतात. बी गळून काडी पिवळी पडली की तेच प्रमाण निम्म्यावर येते. या 7 टक्क्यांच्या आकड्याला अर्थ आहे. मेंढीच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, तंतुमय चारा फोडणारे जे सूक्ष्मजीव असतात त्यांना जगण्या-वाढण्यासाठी आहारात किमान 7 ते 8 टक्के प्रथिने लागतात. त्याखाली गेले की त्यांची संख्या रोडावते, चारा पोटात तसाच पडून राहतो, पोट रिकामे होत नाही म्हणून मेंढी पुढचा घास घेत नाही, आणि पोट भरलेले असूनही जनावर खंगत जाते. म्हणजे ज्या वैरणीला आपण निकृष्ट म्हणतो ती बहुतेक वेळा उशिरा कापलेली असते. कुसळीसारख्या गवताच्या बाबतीत उशीर आणखी महाग पडतो, कारण तिची टोकदार कुसळे लोकरीत अडकतात, कातडीत शिरतात आणि तोंड-डोळे जखमी करतात. फुलोऱ्याआधी कापलेली कुसळी मेंढी खाते. कुसळे पिकल्यावर कापलेली तिच्या जिवावर येते.

मग लोक उशिरा का कापतात? हा प्रश्न टाळून स्थानिक वैरणीची तरफदारी करणे प्रामाणिकपणाचे नाही. गवत सर्वांत चांगले असते तेव्हा पाऊस पुरता ओसरलेला नसतो, आणि हिरव्या गवतात वजनाच्या 70 ते 80 टक्के पाणी असते, ते साठवणीपूर्वी 15 टक्क्यांच्या आसपास आणावे लागते. त्याच सुमाराला शेतातली कामेही तुंबलेली असतात. वाळलेले उभे गवत कापायला हलके आणि ठेवायला निर्धोक, म्हणून माणूस थांबतो, आणि थांबण्यात निम्मी प्रथिने जातात. यावर उपाय आहेत, पण ते कष्टाचे आहेत. दव उडाल्यावर कापणे, पातळ पसरणे, दिवसातून दोनदा उलथणे, पाने कडक होऊन गळू लागण्याआधी सावलीत किंवा मांडवावर घेऊन उरलेला ओलावा तिथे जिरवणे. मूठभर गवत घेऊन दोरीसारखे पिळावे. पेरावर ओल दिसली किंवा काडी मोडण्याऐवजी नुसती वळली तर अजून एक दिवस द्यावा. घाईने रचलेली ओली गंजी आतून तापते, कुबट वास सोडते, तिच्यात बुरशी धरते, आणि क्वचित ती आपोआप पेटतेही.

मेंढी खाताना जवळून पाहिली की तक्त्यापेक्षा बरेच जास्त कळते. तिचा जबडा अरुंद आणि वरचा ओठ मधोमध चिरलेला, हलता असतो. गाईसारखी ती जिभेने झुपका ओढून घेत नाही. गव्हाणीत टाकलेल्या वैरणीत ती नाक खुपसते, डोके हलवून थर मोकळा करते, ओठांनी पान चाचपते, ते तोडून घेते आणि जाड काडी बाजूला सारते. तासाभराने गव्हाणीत काय उरले ते उचलून तोलावे. जिथे फक्त चिमटभर जाड बुडखे उरतात ती कापणी वेळेवर झालेली असते. जिथे पिवळ्या काड्यांचा ढीग उरतो तिथे मेंढपाळाने ज्याला चारा समजून साठवले त्यातला बराच भाग आच्छादनाच्याच लायकीचा होता. प्रयोगशाळेचा अहवाल येईल तेव्हा येईल. ही परीक्षा रोज सकाळी होते.

लसूणघास आणि माळाचे गवत यांची तुलना किलोमागच्या प्रथिनांवर करणाऱ्यांना मी आणखी एक रकाना वाढवायला सांगेन, तो पाण्याचा. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या अक्रन येथे लायमन ब्रिग्ज आणि होमर शँट्झ यांनी 1910 च्या दशकात वेगवेगळ्या पिकांना एक किलो शुष्क पदार्थ (ओलावा वगळून उरणारा) तयार करायला किती पाणी लागते हे कुंड्यांमध्ये वाढवून आणि वजन करून मोजले. लसूणघासाला सुमारे 800 लिटर लागले, ज्वारी आणि राळ्यासारख्या धान्यांना सुमारे 300. उष्ण, कोरड्या प्रदेशातली बहुतेक स्थानिक गवते याच दुसऱ्या गटातल्या पद्धतीने सूर्यप्रकाश वापरतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती जे पाणी वापरतात ते त्याच माळावर पडलेल्या पावसाचे असते, आणि लसूणघास कोरड्या प्रदेशात बारमाही उभा ठेवायचा तर ते जमिनीच्या पोटातून काढावे लागते. सौदी अरेबियाने हा मार्ग टोकापर्यंत नेऊन पाहिला. हजारो वर्षांपूर्वी साठलेले भूजल उपसून तिथे गहू पिकवला गेला, 2008 पासून गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने कमी करून 2016 मध्ये ती थांबवावी लागली, आणि शेतकरी गव्हाकडून लसूणघासाकडे वळले तेव्हा हिरव्या चाऱ्यावरही बंधने आणावी लागली. दरम्यान सौदी मालकीच्या कंपनीने अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन तोच चारा पिकवला आणि जहाजाने घरी नेला. 2023 मध्ये ॲरिझोनाच्या राज्यपालांनी भूजलाच्या काळजीपोटी राज्याच्या जमिनीवरचे त्यातले भाडेपट्टे संपवण्याची घोषणा केली. तो चारा मुख्यतः दुभत्या गाईंसाठी होता, मेंढ्यांसाठी नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण गाईच्या दुधाच्या पैशालाही जो खर्च पेलवला नाही तो मेंढीला पेलवेल असे कोणत्या हिशेबाने म्हणायचे?

आता विरोधी बाजूचे खरे बळ जिथे आहे तिथे येऊ. वाळल्या गवतावर मेंढी तगते, पण तिच्या आयुष्यातले काही आठवडे असे असतात की तगणे पुरत नाही. मेंढीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असतो आणि गर्भाची जवळपास 70 टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. याच काळात वाढता गर्भ कोठीपोटाला दाबतो, म्हणजे गरज वाढते तेव्हाच पोटातली जागा कमी होते. पोटात जुळी असतील तर केवळ गवतावर ठेवलेली मेंढी स्वतःच्या अंगातली चरबी इतक्या वेगाने जाळते की रक्तातली साखर घसरून ती आडवी होते. इथे पेंड, शेंगा, डाळींचा चुरा, काहीतरी घट्ट अन्न द्यावेच लागते, आणि जो स्थानिक वैरणीच्या अभिमानापोटी ते देत नाही तो मेंढी आणि कोकरू दोन्ही गमावतो. हे मी पूर्णपणे मान्य करतो. मात्र यातून पाया बदलण्याचा निष्कर्ष निघत नाही. मूठभर पेंड पोटातल्या सूक्ष्मजीवांना जागे करते आणि त्यामुळे मेंढी अधिक वैरण खाऊन अधिक पचवते. वैरणच नसेल तर त्या पेंडीने पचवायचे काय? आणि धान्याची गोष्ट याहून नाजूक आहे. उपाशी मेंढीपुढे एकदम धान्य टाकले तर तिच्या पोटात आम्ल साचते आणि दुष्काळातून वाचलेली मेंढी धान्य खाऊन मरते. ज्यांना धान्यावर कळप जगवायचा आहे त्यांनाही आधी तंतुमय वैरण लागतेच.

दुसरा आक्षेप स्थानिक वनस्पतींच्या गुणांविषयीचा आहे, आणि दुसऱ्या पक्षातल्या भाबड्या समर्थकांनी तो विशेष लक्षपूर्वक ऐकावा. कोरड्या प्रदेशातले झाड आपली पाने मेंढीसाठी वाढवत नाही. ती खाल्ली जाऊ नयेत म्हणून ते त्यांत टॅनिन, क्षार आणि विष साठवते. ऑस्ट्रेलियातला मुल्गा हा बाभळीच्या कुळातला वृक्ष दुष्काळात तोडून मेंढ्यांना घातला जातो, पण त्यातल्या टॅनिनमुळे प्रथिने पचत नाहीत आणि फॉस्फरस, गंधक कमी पडतात, म्हणून त्यासोबत खनिजे द्यावी लागतात. खाऱ्या जमिनीवर वाढणाऱ्या ॲट्रिप्लेक्स या झुडपाच्या पानांत शुष्क वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही अधिक क्षार असू शकतात. ती खाणाऱ्या मेंढीला भरपूर गोडे पाणी हवे, आणि नेमके तेच तिथे नसते. ब्राझीलच्या ईशान्येला काटिंगा नावाचे जे झुडपी रान आहे तिथली मॅनिसोबा ही कसाव्याची जंगली बहीण हिरवी खाल्ली तर सायनाइडने जनावर दगावू शकते. पण याच उदाहरणात वाळवणीची बाजूही दिसते. मॅनिसोबा बारीक चिरून उन्हात पसरली की विष मोठ्या प्रमाणात उडून जाते आणि उरते ते मेंढीला आवडणारे, प्रथिनयुक्त वाळके पान. रुईचेही काहीसे असेच आहे. हिरव्या रुईच्या चिकाला जनावर तोंड लावत नाही, वाळल्यावर तिची पाने खाते, आणि ब्राझीलमध्ये ती वाळवून मेंढ्यांच्या आहारात मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत. टॅनिनही मोजक्या प्रमाणात, म्हणजे 2 ते 4 टक्क्यांपर्यंत, उपकारक ठरते. ते प्रथिनांना कोठीपोटात वाया जाण्यापासून वाचवते आणि जंतांचा त्रासही काही प्रमाणात कमी करते. राजस्थानात खेजडीचा वाळवलेला पाला ‘लूंग’ म्हणून आणि रानबोरीचा ‘पाला’ म्हणून साठवतात आणि गवताच्या जोडीला देतात; झाडपाल्यातली प्रथिने आणि गवतातला तंतू एकमेकांची उणीव भरून काढतात. सगळे विष मात्र उन्हाने जात नाही, म्हणून ज्या पाल्याचा अनुभव नाही तो थोडा थोडा आणि मिसळूनच द्यावा.

‘स्थानिक’ या शब्दाबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण त्याच्याभोवती नको तेवढे पावित्र्य गोळा झाले आहे. अंजन गवत आफ्रिकेच्या आणि भारताच्या कोरड्या प्रदेशांत मूळचे, तिथे ते मेंढीचे उत्तम खाद्य. तेच ऑस्ट्रेलियात आणि उत्तर अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटात नेऊन लावले तेव्हा ते पसरत गेले. जिथे पूर्वी दोन झुडपांमध्ये मोकळी माती असल्याने आग पुढे सरकत नसे तिथे त्याने वाळल्या गवताची सलग चादर अंथरली आणि शतकभर जगणारे निवडुंग जळू लागले. गवत तेच, जागा निराळी. स्थानिक वनस्पतीची बाजू मी घेतो ती तिच्या कुळासाठी नव्हे. ती त्या मातीतल्या कमी पावसाच्या वर्षीही काही ना काही देते, आणि ती किती देते हे तिथल्या माणसांना ओळखीचे असते, एवढ्यासाठी.

कापणीने जमीन कसदार राहत नाही हा आक्षेपही बिनबुडाचा नाही. 7 टक्के प्रथिने असलेली एक टन वैरण माळावरून उचलली की तिच्यासोबत सुमारे 11 किलो नत्र जाते. तेच गवत मेंढीने जागेवर खाल्ले असते तर त्यातला मोठा भाग लेंडी-मुताच्या रूपाने तिथेच पडला असता. दरवर्षी त्याच तुकड्यावर, जमिनीलगत, दोन-दोन कापण्या घेतल्या तर माळ थकणारच. म्हणून वर्षाला एकच कापणी, वीतभर बुडखा ठेवून, आणि दरवर्षी माळाचा एक हिस्सा बी पडण्यासाठी न कापता सोडणे हे पथ्य आहे. कापलेल्या माळावर पुढे रात्री मेंढ्या बसवल्या की गेलेले बरेचसे परत येते. अमेरिकेत कॅन्ससमधल्या उंच गवताच्या कुरणांपैकी काही ठिकाणी शतकाहून अधिक काळ वर्षातून एकदा कापणी होते आहे आणि तिथली वनस्पतींची विविधता टिकून आहे. तिथे पाऊस बराच जास्त आहे, त्यामुळे ते उदाहरण जसेच्या तसे कोरड्या माळाला लागू होत नाही. पण कापणी म्हणजे नाश हे समीकरण त्याने नक्कीच मोडते.

मला सर्वांत अवघड वाटतो तो आक्षेप असा. साठवलेला चारा दुष्काळात मरणारी जनावरे जगवतो, म्हणून दुष्काळानंतर माळावर अधिक तोंडे उरतात, आणि पाऊस पडताच ती कोवळे गवत उगवू देत नाहीत. पूर्वी दुष्काळ कळप छाटत असे आणि माळाला उसंत मिळत असे. हे निर्दय वाटले तरी खरे आहे, आणि त्याचा पुरावा सीरियाच्या गवताळ वाळवंटात आहे. तिथे 1960 आणि 1970 च्या दशकांपासून सवलतीच्या दरात बार्ली आणि इतर खाद्य मेंढपाळांना मिळू लागले, ट्रकने पाणी आणि चारा दूरवर पोचू लागला. ज्या रानातून कळप कोरड्या महिन्यांत निघून जात त्या रानात ते अधिक काळ राहू लागले, संख्या वाढत गेली, आणि गवताला फुलोऱ्यावर येण्याची सवड मिळेनाशी झाली. बार्ली पेरण्यासाठी खुद्द ते रानही नांगरले गेले, इतके की 1995 मध्ये तिथे नांगरणीवर बंदी घालावी लागली.

पण या उदाहरणाचा अर्थ काय लावायचा? सीरियात कळप वाढला तो माळावरच्या गवताच्या गंजीने नव्हे, बाहेरून आलेल्या स्वस्त धान्याने. बाहेरच्या खाद्याला माळाची मर्यादा ठाऊक नसते. पाऊस निम्मा झाला तरी ट्रक तितकेच भरून येतात, आणि मेंढपाळाला कळपाचा आकडा कमी करण्याचे कारणच दिसत नाही. गंजीचे तसे नाही. पाऊस निम्मा झाला की गंजीही निम्मी होते, आणि ती अंगणात उभी राहून ते सांगत असते. ज्या दिवशी ती रचून होते त्या दिवशी मेंढ्या अजून अंगाने भरलेल्या असतात, बाजारात त्यांना भाव असतो, आणि मेंढपाळ घाबरलेला नसतो. कळप कमी करायचा तर याहून योग्य दिवस कोणता?

हा निर्णय लांबणीवर पडला की काय होते हे ऑस्ट्रेलियाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिले. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे 10 कोटींहून अधिक मेंढ्या होत्या; 1902 च्या दुष्काळाच्या शेवटी सुमारे साडेपाच कोटी उरल्या. मालकांपाशी चारा होता, पण तो झुडपांवर उभा होता, आणि उभ्या चाऱ्याची मोजदाद कोणी करत नव्हते. पाऊस येईल या आशेवर झुडपे तोडून घातली गेली आणि शेवटी झुडपे, माती आणि मेंढ्या तिन्ही गेले. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागातली अवस्था तपासण्यासाठी 1901 च्या सुमारास शाही आयोग बसला तेव्हा त्याच्यासमोर दुष्काळ आणि सशांचा उपद्रव यांच्याबरोबरच माळाच्या ताकदीपेक्षा जास्त जनावरे ठेवल्याचाही मुद्दा होता.

मंगोलियाची कथा उलट्या टोकाने तेच सांगते. साम्यवादी राजवटीतल्या सामूहिक पशुपालनाच्या काळात तिथे माळाचे गवत कापून साठवण्याची पथके होती आणि राज्याचा आणीबाणीसाठीचा चारासाठाही होता. 1990 नंतर ती व्यवस्था कोसळली, जनावरे खाजगी झाली, कापणी मागे पडली, आणि 1990 मधली सुमारे अडीच कोटींची जनावरसंख्या 2009 पर्यंत साडेचार कोटींच्या घरात गेली. कोरड्या उन्हाळ्यामागून कडाक्याचा हिवाळा येतो त्या आपत्तीला तिथे ‘झुड’ म्हणतात; 2009-10 च्या झुडमध्ये 80 लाखांहून अधिक जनावरे मेली. सामूहिक व्यवस्थेची मला भलावण करायची नाही. त्या काळातही झुड येत आणि जनावरे मरत, आणि माणसांवर जबरदस्ती होती ती वेगळीच. पण गवत साठवण्याची शिस्त गेली आणि तिच्या जागी संख्येला आवर घालणारे दुसरे काहीच आले नाही, हे नाकारता येणार नाही.

संख्या कोणी ठरवावी, या प्रश्नाला एक तिसरे उत्तरही दिले गेले आहे, आणि ते आठवले की मला अस्वस्थ वाटते. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या सरकारने नव्हाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या माळांची धूप थांबवायची म्हणून त्यांच्या मेंढ्या-बकऱ्या सक्तीने कमी केल्या. मूळनिवासींचा कारभार पाहणारे सरकारी अधिकारी जॉन कॉलियर यांच्या खात्याने जनावरे विकत घेतली, आणि त्यातली कित्येक वाहून नेणे परवडेना म्हणून जागेवरच मारून टाकली. कळपांच्या मालकीण असलेल्या बायकांना कोणी धड विचारलेही नाही. माती वाचवण्याचा हेतू खरा असूनही त्या समाजाच्या मनात ती जखम पिढ्यान्पिढ्या राहिली. अधिकाऱ्याच्या कागदावरून आलेला आकडा आणि स्वतः कापून रचलेल्या गंजीवरून काढलेला आकडा कदाचित एकच निघेल. पण दुसरा आकडा मेंढपाळ स्वतः मोजतो, म्हणून तो त्याला मान्य होतो.

कष्टांचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाला जागा कमी आहे. कापणी, वाळवणी आणि रचणी ही मजुरीची कामे आहेत, आणि फिरत्या मेंढपाळाकडे ना मजूर असतात ना कोठार. म्हणूनच हे काम एकट्या कुटुंबावर सोडून चालणार नाही, आणि इतिहासात ते तसे सोडलेलेही नव्हते. अरबस्तानातल्या ‘हिमा’ या इस्लामपूर्व पद्धतीत राखीव माळांवर चराई बंद असे आणि ठरलेल्या काळात, विशेषतः दुष्काळात, हाताने गवत कापून नेण्याची मुभा असे. सौराष्ट्रातल्या संस्थानांनी गवतासाठी ‘वीडी’, म्हणजे कुरणे, राखल्या होत्या; आजही गुजरातचे वनखाते त्यातल्या राखीव वीडींतून दरवर्षी गवत कापून गोदामात ठेवते आणि टंचाईत वाटते. सरकारने हात लावला की सगळे बिघडते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे. त्यात उणीव दिसते ती पुन्हा तारखेचीच, कारण सरकारी गवत वजनावर मोजले जाते, प्रथिनांवर नाही, आणि वजनावर पैसे मिळत असतील तर पिकलेले गवत कापण्यातच कापणाऱ्याचा फायदा असतो. पोटरीतल्या गवताला जास्त दर आणि काडी झालेल्याला कमी, एवढा एक बदल केला तरी त्याच माळावरून त्याच मजुरीत कितीतरी अधिक पोषण घरी येईल. माळ उरला तरच हे सगळे, हेही इथेच म्हटले पाहिजे. गवताळ प्रदेश आणि त्यांच्यासारखी चराऊ राने पृथ्वीच्या निम्म्याहून अधिक जमिनीवर पसरलेली आहेत, आणि तरीही कागदोपत्री त्यांना ‘पडीक’ म्हणायची सवय आपल्याला आहे, मग त्यावर झाडे लावणे, नांगर फिरवणे किंवा सौर पाट्या मांडणे हे सुधारणेच्या नावाखाली सोपे होते.

आता तो बारा महिन्यांचा हिशेब. सुमारे 35 किलो वजनाची मेंढी दिवसाला साधारण एक किलो शुष्क चारा खाते. कोरड्या महिन्यांत तिला अर्धे पोट माळावर मिळते असे धरले तर 100 मेंढ्यांना 120 दिवसांसाठी सहा टन वैरण लागेल, आणि तुडवून, भिजून, वाऱ्याने जाणारी धरून सात टन. बेताच्या पावसात हेक्टरी एक टन गवत देणाऱ्या माळावर निम्मे कापून निम्मे राखायचे तर त्यासाठी 14 हेक्टर लागतील. पाऊस कमी होऊन हेक्टरी 700 किलोच आले तर त्याच 14 हेक्टरांतून पाच टनांच्या आत वैरण निघेल, म्हणजे 100 ऐवजी 70 मेंढ्यांची. हे 30 मेंढ्यांचे अंतर मेंढपाळाला कापणीनंतरच्या आठवड्यात कळते. म्हातारी आणि वांझ जनावरे, विक्रीला आलेले नर त्याच आठवड्यात विकता येतात, आणि राहिलेल्या गाभण मेंढ्यांसाठी शेवटच्या सहा आठवड्यांची पेंड त्याच पैशातून घेता येते.

टंचाईवर सार्वजनिक पैसा सध्या खर्च होतो तो याच्या नेमका उलट क्रमाने. जनावरे बसू लागली, चित्रे छापून आली, की चाऱ्याचे ट्रक निघतात, आणि तोवर दुबळी मेंढी वाहून नेण्याच्या लायकीची राहिलेली नसते आणि बाजार कोसळलेला असतो. तोच पैसा कापणीच्या महिन्यात मजुरी, मांडव आणि कोरड्या गोदामांवर घालावा, आणि गंजी मोजून ज्याला कळप कमी करावा लागतो त्याला त्याच आठवड्यात चांगल्या भावाची खरेदी आणि पुढच्या पावसानंतर पुन्हा मेंढ्या घेण्यासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी. मदतीची तारीख पावसाच्या आकड्यावरून किंवा मेलेल्या जनावरांच्या पंचनाम्यावरून न काढता माळावर रचलेल्या गंज्यांच्या मोजणीवरून काढावी, आणि ती मोजणी गावातल्या मेंढपाळांनी स्वतः करावी.